नशेविरुद्धचा शाळेतला तास : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : १९९०च्या दशकात माझी पाचवी-सहावी कॅलिफोर्नियात झाली. तिथे 'डेअर' या नशाविरोधी कार्यक्रमात गणवेशातले पोलीस वर्गावर यायचे, शेवटी शपथ, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र. आता मुलीच्या इथल्या शाळेतही तसंच काहीसं ठरतंय. त्याचा उपयोग होतो का? – एक वाचक, पुणे

शपथेचा म्हणाल तर नाही. 'डेअर' १९८३ साली लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने तिथल्या शाळांबरोबर सुरू केलं. आठवड्याला एक असे १७ तास, शिकवणारा प्रशिक्षित पोलीस, मुलं दहा-अकरा वर्षांची. नेटकेपणात खोट काढायला जागा नव्हती. पण १९९४ मध्ये आठ मूल्यमापनं एकत्र करून पाहिली, तेव्हा मुलांची माहिती वाढलेली दिसली, वागण्यात मात्र फरक नगण्य निघाला. १९९९ मध्ये केंटकीतल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहावीत 'डेअर' झालेली आणि न झालेली मुलं विसाव्या वर्षी पुन्हा गाठली, तर दोघांत फरक नाही. एक गोष्ट इथे बरेचदा निसटते. 'न झालेल्या' मुलांनाही आरोग्याच्या तासाला नशेबद्दल शिकवलं गेलंच होतं. तेव्हा निष्कर्ष एवढाच, की पोलीस, टी-शर्ट आणि शपथ यांनी त्या साध्या तासावर काही भर घातली नाही.

कारणं समजण्यासारखी आहेत. सिगारेट, गांजा, हेरॉइन सगळं एका पोत्यात घालून 'एकदा घेतलं की संपलं' असं सांगितलं जायचं. पुढे मुलगा नववीत जातो, सिगारेट ओढणारा मित्र ठणठणीत दिसतो, आणि मग हेरॉइनबद्दल सांगितलेलं खरंही त्याला थापच वाटतं. दुसरं म्हणजे १७ तास नशेवरच बोललं की 'सगळेच करतात वाटतं' असा समज मुलं करून घेतात. २००९पासून 'डेअर'नेच जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून नकार देण्याच्या सरावावर भर असलेला दुसरा घेतला.

प्रश्न : सातवी-आठवीला शिकवते. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, प्रभातफेरी, पोस्टर स्पर्धा आणि सडलेल्या तोंडाची चित्रं असा दरवर्षीचा कार्यक्रम असतो. हाताशी ३५ मिनिटांचे चार तास आहेत. काय करू? – एक शिक्षिका, जि. सातारा

चित्रं कपाटात ठेवा. कर्करोग चाळिशी-पन्नाशीत होतो, तेरा वर्षांच्या मुलाला ते वय आपलं वाटतच नाही. पिवळे दात, तोंडाचा वास, कबड्डीत दम तुटणं, महिन्याला पुड्यांवर जाणारे पैसे, हे त्याला कळतं. त्यावर थोडं बोललं की पुरे.

पहिला तास चिठ्ठ्यांचा. प्रत्येकाला सारखी छापील चिठ्ठी, फक्त खुणा करायच्या, काही लिहायचं नाही, कारण अक्षर ओळखू येतं. दोन प्रश्न : 'आपल्या इयत्तेतले शंभरात किती जण तंबाखू, गुटखा खातात असं वाटतं?' (१०, २०, ३०… असे छापील आकडे द्या) आणि 'गेल्या महिन्यात यातलं तू काय घेतलंस?' दुसऱ्याखाली पदार्थांची यादी, आणि यादीत एक बनावट नाव घुसडा, अस्तित्वातच नसलेलं. त्यावर खूण असलेली चिठ्ठी बाद : एक तर पोरगा मस्करी करतोय, नाहीतर वाचलेलंच नाही. चिठ्ठ्या बंद डब्यात, डबा हलवून, आणि मोजणी शाळा सुटल्यावर. वर्गात पंचवीसपेक्षा कमी मुलं असतील तर दोन तुकड्या एकत्र करा, नाहीतर 'ते दोघं कोण' याचा शोध मधल्या सुट्टीतच लागतो.

दुसऱ्या तासाला दोन आकडे फळ्यावर. बहुधा अंदाज खऱ्याच्या कितीतरी पुढे असतो. मुलांनी 'चाळीस' म्हटलं आणि निघाले सहा, की वर्गाचा चेहरा बदलतो. 'सगळेच खातात' यातली हवाच जाते. मात्र खरा आकडाही मोठा निघाला तर तो फळ्यावर लिहू नका. उलटा परिणाम होईल. तो आकडा मुख्याध्यापकांकडे न्यायचा.

उरलेले दोन तास नकाराचा सराव. तीन-तीन मुलांचे गट, प्रत्येकी तीन मिनिटं. देणारा खलनायक नको, मित्रच हवा. आपल्याकडे पहिली पुडी मित्राच्याच खिशातून येते. चूक होते ती इथे : वर्गातला लाडका, बोलका मुलगा 'देणारा' होतो, सगळे त्याच्या बाजूने हसतात आणि सराव आग्रहाचा होतो. म्हणून देणाऱ्याची वाक्यं चिठ्ठीवर लिहून द्या, दोनच. घेणाऱ्याची वाक्यं मुलांकडूनच काढा. 'नशा हा समाजाला लागलेला कलंक आहे' असं कुणी मित्राला सांगत नाही. 'नको रे, मळमळतं', 'मॅच आहे', 'तू खा, मी चाललो' अशी चार शब्दांची हवीत. 'का नको?'ला उत्तर देत बसायचं नाही, पुन्हा तेच म्हणून पाय काढायचा. आणि हे पुढच्या वर्षी पुन्हा करा. न्यू यॉर्कचे संशोधक बॉटविन यांचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षी १५, मग १०, मग ५ तास असा उतरत्या क्रमाने तीन वर्षं चालतो, तो उगीच नाही.

व्हाइटनर किंवा पंक्चरच्या सोल्युशनचा वास घेण्याबद्दल भर वर्गात बोलू नका, घरात-दप्तरात असलेल्या वस्तूची नवी युक्ती शिकवल्यासारखं होतं. शंका असलेल्या मुलाशी एकट्याशी बोला, आणि थांबू नका : यात पहिल्या वेळीही हृदय बंद पडू शकतं.

प्रश्न : व्यसनातून बाहेर पडलेल्या कुणाला शाळेत बोलवावं का? – एक पालक, नाशिक

पालकसभेला जरूर. सातवीच्या वर्गात नको. मुलांना त्यातला थरार लक्षात राहतो, आणि 'सुटता येतं की' हाही धडा मिळतो.

प्रश्न : शाळेतून 'तंबाखू विष आहे' शिकून आलेली नात मला मिश्री लावताना बघते आणि रडते. तिला काय सांगू? – एक आजी, जि. सोलापूर

आजी, खरं तेच सांगा : सवय लागली तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आता सुटता सुटत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजलेली घरची मिश्री कुठल्या कायद्यात सापडणार? ती दात साफ करत नाही. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं आणि सकाळी 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' वाटतं, ते त्यामुळेच. आधी दिवसातल्या खेपा मोजा. जेवणानंतरची आणि दुपारची आधी सोडा, सकाळची सगळ्यात शेवटी. डोकेदुखी, चिडचिड, बद्धकोष्ठ यांचा जोर पहिले तीन-चार दिवस. तेवढ्यापुरतं पाणी वाढवा, तोंडात बडीशेप ठेवा. सुपारी नको, तीही घातक. १८०० ११ २३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. मोजायला नातीलाच बसवा, कॅलेंडरवर रेघा मारेल.

प्रश्न : शाळेजवळची टपरी शंभर यार्डांबाहेर आहे असं टपरीवाला म्हणतो. – शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, ठाणे जिल्हा

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, आणि ते रस्त्याने चालत मोजायचे नसतात. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी. फाटकापासूनही नाही. वळणावळणाने १३० मीटर भरणारी टपरी सरळ रेषेत ७० मीटरवर निघू शकते. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजून त्याचं चित्र छापून घ्या, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात यासाठी दंड आहे जेमतेम २०० रुपयांपर्यंत, त्यामुळे नुसत्या त्या कलमाला टपरीवाला भीक घालत नाही. अठराखालच्या मुलाला तंबाखू देताना कुणी सापडलं तर अर्जात २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लिहा : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणि हो, विक्रीबंदीचा फलक शाळेबाहेर लावणं ही शाळेचीच जबाबदारी आहे. अर्ज करण्याआधी तो जागेवर आहे ना, बघा.