सभेत नाव घेण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "रविवारच्या सभेत मी उभा राहून त्यांचं नाव घेणार." मी लगेच काही बोलले नाही, कारण तू संतापलेला होतास. गप्प बस असं मी तुला सांगणार नाही, हे आधी लक्षात घे.

आकाशदर्शनाच्या शिबिरात एक ज्येष्ठ सभासद तुझ्या मैत्रिणीशी वाईट वागले, असं तिने तुला सांगितलं. मी तिच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण सभेत बोलायचं हे तिने ठरवलं की तू? आपला गट लहान. नाव त्यांचं घेतलंस तरी दहा मिनिटांत "कुणाशी?" हा प्रश्न येणार, आणि त्या शिबिराला कोणकोण होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझ्या वयाची असताना दुसऱ्या एका गटात मीही अशीच उभी राहिले होते. दोघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं माझ्या डोक्यात एक झालं आणि मी प्रसंगाची रात्र चुकीची सांगितली. त्या रात्री आपण तिथे नव्हतोच, हे त्या गृहस्थांनी पाच मिनिटांत दाखवून दिलं. मग जे खरं होतं तेही खोटं ठरलं. पुढच्या महिन्यापासून, जिच्यासाठी मी बोलले ती मुलगी यायची थांबली. ते येत राहिले. मी तिची माफी मागितली. ती पुन्हा कधी दुर्बिणीपाशी आली नाही.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं. काहींच्या प्रश्नात 'चुराडा' सुचवणारा शब्द होता. आठवड्यानंतर "फुटलेली काच दिसली का?" असं विचारल्यावर 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. म्हणून "तुलाही त्यांनी त्रास दिला ना?" असं इतर मुलींना विचारत फिरू नकोस. तुझा शब्द त्यांच्या आठवणीत शिरेल आणि खऱ्या तक्रारीचाच पाया भुसभुशीत होईल. आणि त्या सभासदांवरचा आरोप चुकीचा निघाला, तर भर सभेत लागलेला डाग पुसायला कुणी येत नाही.

तिची तयारी असेल तर तिच्याजवळ बस. तिच्याच शब्दांत लिहू दे: तारीख, जागा, आसपास कोण होतं, नंतर तिने कुणाला सांगितलं. तू स्वतः पाहिलेलं वेगळ्या कागदावर लिही. मेसेज पुसू नका. मग हे कार्यकारिणीतल्या अशा दोघांकडे न्या, ज्यांचा त्यांच्याशी घरोबा नाही. मोठी दुर्बीण ज्यांची, त्यांच्यापुढे सगळेच मिंधे असतात. तेव्हा असं कुणी नसेल तर बाहेरचं माणूस शोधा. पोलिसांकडे जायचा तिचा मार्ग खुला आहे. "आधी आपसात मिटवू" म्हणणाऱ्याला तो अडवू देऊ नका. ती अठराच्या आतली असेल तर गटाने चौकशी करत बसूच नये, थेट पोलिसांना कळवावं.

चौकशी होईपर्यंत त्यांनी रात्रीच्या सत्रांना येऊ नये, अशी मागणी जरूर करा. ती खबरदारी आहे, निकाल नव्हे. त्यांचंही म्हणणं ऐकलं गेलंच पाहिजे.

रविवारी उभं राहायचंच असेल तर नाव न घेता नियमांसाठी राहा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून आपल्याकडे कुणी दिवा लावत नाही आणि कोण कुणाला कुठे घेऊन गेलं ते दिसत नाही. नवख्याला एकटं कुणाबरोबर दूर पाठवायचं नाही, किमान तिघं हवेत, आणि वाटेवर मंद लाल दिवे हवेत. एवढं मागायला कुठलाही पुरावा लागत नाही.

कार्यकारिणीने कागद दाबून ठेवला आणि तिने उघड बोलायचं ठरवलं, तर मी तुम्हा दोघांच्या शेजारी उभी राहीन. तेव्हाही "तिने मला हे सांगितलं" एवढंच म्हण. "हे घडलं" असं तू म्हणू नकोस, ते तिचं ती म्हणेल.

आज तिला भेट. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे, तिला यावंसं वाटलं तर घेऊन ये.

तुझी,
ताई