नाल्याच्या पाण्यावर पालक हिरवागार येतो, म्हणजे भाजी खायला चालेल का?

तुम्ही विचारलंय की छत्रपती संभाजीनगरजवळ तुमचं शेत आहे, कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी देता, तरी पालक-मेथी जोमात येते. मग पिकं जड धातू सोसतात तरी कशी, आणि ही भाजी खावी का?

खाण्याचं आधी सांगतो: तपासणी होईपर्यंत खाऊ नका, विकूही नका. पीक धातू सोसतं म्हणजे तो नाहीसा करत नाही. जिथे स्वतःला अपाय होणार नाही अशा जागी तो साठवतं, आणि पालेभाजीत ती जागा बऱ्याचदा पानातच असते.

पिकाचं मूळ जस्त, लोह, मँगेनीज शोधत असतं. कॅडमियम हा विषारी जड धातू त्यांच्याच वाटेने आत शिरतो. थोडं पेशीभित्तिकेला चिकटून तिथेच अडकतं. उरलेल्यासाठी पेशी ग्लुटाथायोन या स्वतःजवळच्या गंधकयुक्त रेणूपासून फायटोकेलॅटिन नावाच्या छोट्या साखळ्या बनवते; त्यांतलं गंधक कॅडमियमला धरून ठेवतं आणि ही जोडी रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडली जाते. हे कोंडणं मुळांमध्येच झालं तर वरचा भाग बराच वाचतो. भाताच्या ज्या वाणांत मुळांच्या रिक्तिकेत कॅडमियम कोंडणारं एचएमए३ हे जनुक निकामी असतं, त्यांच्या दाण्यात कॅडमियम जास्त चढतं ते याचमुळे. पालक मात्र बरंच कॅडमियम पानात पाठवतो, आणि तरीही टवटवीत दिसू शकतो.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो, त्यामुळे कॅडमियम आणि शिसं मातीतच बरंच बांधलं जातं. हा मोठाच आधार आहे. पण तीच जमीन जस्तही बांधते, आणि जस्त कमी पडलं की मूळ कॅडमियम जास्त ओढू शकतं. म्हणून माती परीक्षणात जस्ताची कमतरता दिसली तर झिंक सल्फेट जरूर द्या. प्लेटिंगच्या सांडपाण्यातल्या सहासंयुजी क्रोमियमला (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाला) मात्र ही जमीन तशी धरत नाही, उलट ते अशा मातीत सहज फिरतं. पिकात ते बहुतांशी मुळांमध्येच राहतं, म्हणून मुळा-गाजरही नको.

जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यावर भात पिकत राहिला, लोक खात राहिले. हाडं ठिसूळ करणाऱ्या इताई-इताई रोगामागे कॅडमियम असल्याचं तिथल्या सरकारने १९६८ मध्ये मान्य केलं.

मृद आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, तांबं, मँगेनीज असतं. कॅडमियम, शिसं, क्रोमियम नसतं. ही तिन्ही नावं प्रयोगशाळेला वेगळी सांगून पाणी, माती आणि पानं तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात झेंडू लावा, आणि विहिरीचं पाणी असेल तर भाजी त्यावर दुसरीकडे घ्या. विहीर नाल्याला लागून असेल, तर तिचंही पाणी आधी तपासा.