वाचकांचे प्रश्न : कर्करोगानंतर स्नायूंसाठी स्टेरॉइड घ्यावे का?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा पुरुष आहे. तीन वर्षांपूर्वी वृषणाच्या कर्करोगामुळे माझे डावे वृषण काढावे लागले आणि त्यानंतर ब्लिओमायसिन, इटोपोसाइड व सिस्प्लॅटिन यांच्या केमोथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या. तपासण्या आजवर चांगल्या आहेत. उपचारांत गेलेले वजन परत आले, पण ते सगळे पोटावर. दंड-मांड्या काही भरल्या नाहीत आणि थकवा तर पाठच सोडत नाही. जिममधल्या प्रशिक्षकांनी १२ आठवड्यांची ‘सायकल’ सुचवली आहे : दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन, सुरुवातीला मेथॅन्डिनोनच्या गोळ्या आणि शेवटी शरीर ‘पुन्हा चालू’ व्हावे म्हणून एचसीजीची इंजेक्शने. ‘तुझा कॅन्सर संपला, आता कसली भीती,’ असे ते म्हणतात. यामुळे कर्करोग परत येऊ शकतो का?

उत्तर : टेस्टोस्टेरॉनमुळे तुमचा विशिष्ट कर्करोग परत येतो, असे मानायला आधार नाही. वृषणाचे बहुतेक कर्करोग बीजपेशींपासून होतात आणि त्यांची वाढ प्रोस्टेटच्या कर्करोगासारखी पुरुष-संप्रेरकावर पोसली जात नाही. ज्यांची दोन्ही वृषणे काढावी लागतात, त्यांना डॉक्टर स्वतःच जन्मभर टेस्टोस्टेरॉन देतात. तेव्हा या एका मुद्द्यावर तुमच्या प्रशिक्षकांचे म्हणणे फारसे चुकीचे नाही. पण धोका त्या दाराने येत नाही म्हणून घर सुरक्षित आहे असे होत नाही, आणि तुमच्या बाबतीत बाकीची दारे केमोथेरपीने आधीच थोडी किलकिली करून ठेवली आहेत.

तुम्ही लिहिलेल्या यादीतली मला सर्वांत खटकणारी गोष्ट तुम्हाला कदाचित सर्वांत निरुपद्रवी वाटली असेल. ती म्हणजे एचसीजी, वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे संप्रेरक. दर तपासणीला तुमच्या रक्ताचा जो अहवाल येतो, त्यात तीन ओळी डॉक्टर आधी बघतात : एएफपी, एचसीजी आणि एलडीएच. हे तुमच्या आजाराचे ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगाची चाहूल देणारे रक्तातले घटक. आजार परत येत असेल, तर बऱ्याचदा स्कॅनमध्ये गाठ दिसण्याआधीच यांपैकी एखादा आकडा चढू लागतो. आता बाहेरून टोचलेले एचसीजी रक्तात गेले, की प्रयोगशाळेचे यंत्र ते गाठीने बनवले की सुईने आले हे ओळखू शकत नाही. इंजेक्शननंतर कित्येक दिवस तो आकडा वर राहू शकतो. सायकलीबद्दल काहीच माहीत नसलेले डॉक्टर तो अहवाल पाहून पुन्हा स्कॅन करवतील आणि आजार उलटला की काय या शंकेने तुमच्या घरातल्यांची झोप उडेल. याहून वाईट शक्यता उलट दिशेची आहे : ‘हे त्या इंजेक्शनचेच असणार’ असे मनाशी म्हणून तुम्ही खऱ्या चढलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष कराल.

उरलेल्या दोन ओळीही तितक्याच सहज गढूळ होतात. जड वजने उचलल्यावर स्नायूंमधून एलडीएच रक्तात उतरते आणि गोळ्यांनी यकृताला इजा झाली तर एएफपीही काही प्रमाणात वाढू शकते. स्टेरॉइड न घेतासुद्धा, केवळ व्यायाम करत असाल तरी, रक्त देण्याआधीचे दोन-तीन दिवस जड व्यायाम टाळा. क्रिएटिनची पावडर घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तिने मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा वाढतो आणि सिस्प्लॅटिन घेतलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांबद्दल नाहक गैरसमज होतो.

दुसरे दार रक्तवाहिन्यांचे आणि हृदयाचे. सिस्प्लॅटिनमधले प्लॅटिनम उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षे रक्तात सूक्ष्म प्रमाणात सापडत राहते, आणि हे औषध घेतलेल्या पुरुषांमध्ये पुढे रक्तदाब, कोलेस्टेरॉलच्या तक्रारी व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. ॲनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्यासारखी स्नायू वाढवणारी औषधे, नेमकी त्याच ठिकाणी भर घालतात. रक्तदाब वाढतो, चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरते (गोळ्यांनी विशेषच), आणि लाल पेशी वाढून रक्त दाट होते, त्यामुळे गुठळ्या होण्याची भीती वाढते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजने उचलणाऱ्या १४० पुरुषांची हृदये तपासली गेली. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण सरासरी ५२ टक्के होते, तर न घेणाऱ्यांमध्ये ६३ टक्के. त्या अभ्यासात केमोथेरपी घेतलेली माणसे वेगळी निवडलेली नव्हती. ज्या वाचकांना केमोत डॉक्सोरुबिसिन हे औषध दिले गेले आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, कारण ते औषध स्वतःच हृदयाचा स्नायू दुबळा करू शकते.

प्रशिक्षक तुम्हाला २०२३ चा एक मोठा अभ्यास दाखवतील. त्यात पाच हजारांहून अधिक पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची जेल किंवा औषध नसलेली जेल दिली गेली आणि हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात यांत वाढ आढळली नाही. अभ्यास खरा आहे. पण ते पुरुष मुळात टेस्टोस्टेरॉन कमी असलेले होते, त्यांची पातळी केवळ सामान्य मर्यादेत आणली होती आणि त्यांच्यावर सतत देखरेख होती. तरीही फुप्फुसातल्या गुठळ्या, हृदयाची अनियमित लय आणि मूत्रपिंडांची अचानक इजा हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. कमतरता भरून काढण्यासाठी इंजेक्शनने दिली जाणारी मात्रा आठवड्याला साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम असते. तुम्हाला सुचवलेली मात्रा तिच्या पाच ते जवळपास सातपट आहे, तेव्हा त्या अभ्यासाचा आधार तिला लागू पडत नाही.

गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात तोलून पाहण्यासारखे काही नाही. मेथॅन्डिनोन, स्टॅनोझोलॉल, ऑक्सॅन्ड्रोलोन यांसारख्या गोळ्या यकृतात लवकर मोडू नयेत म्हणून त्यांच्या रेणूत केलेला बदलच यकृताला बाधतो. कावीळ, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि यकृताच्या गाठी हे त्यांचे नोंदलेले परिणाम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्येच ॲनाबॉलिक स्टेरॉइडना ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणारे’ या गटात ठेवले. म्हणजे तुमचा जुना कर्करोग परत येण्याचा प्रश्न नसला, तरी नवा होण्याचा आहे.

आता उरलेल्या एका वृषणाविषयी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी वृषणाला आदेश देणे थांबवते. वृषण आक्रसते आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. दोन्ही वृषणे शाबूत असलेल्या तरुणांनाही सायकलीनंतर पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. तुमच्याकडे एकच आहे आणि केमोचा मारही त्याने सोसला आहे. मूल हवे असण्याची शक्यता असेल, आणि उपचारांपूर्वी वीर्य साठवलेले नसेल, तर एवढे एकच कारण पुरेसे आहे.

हे सगळे सांगूनही तुमची तक्रार खोटी ठरत नाही, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. पोटावर चरबी, न भरणारे स्नायू, न हटणारा थकवा, हे वर्णन टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी असल्याचे असू शकते. एक वृषण गमावून केमो घेतलेल्यांमध्ये ही कमतरता विरळा नाही, आणि ‘बरे झालात ना, मग झाले’ या समाधानात ती तपासायची राहून जाते. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी एकूण टेस्टोस्टेरॉन तपासा आणि सोबत एलएच व एफएसएच, म्हणजे पिट्युटरी ज्यांच्याद्वारे वृषणाला आदेश देते ती संप्रेरके, यांचीही तपासणी करा. दोन्ही वेळा आकडा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला आणि एलएच चढलेले असेल, तर वृषण कमी पडत आहे असा त्याचा सरळ अर्थ होतो आणि तेव्हा संप्रेरकतज्ज्ञाकडे जायचे. गंमत अशी, की चढलेले एलएच काही चाचण्यांमध्ये एचसीजी किंचित वाढल्याचा आभास निर्माण करते, आणि तो खरा की खोटा हे ठरवायला कर्करोगतज्ज्ञच कधीकधी टेस्टोस्टेरॉनचे एक इंजेक्शन देऊन आकडा उतरतो का ते पाहतात. हेच औषध माहितगार हातात तपासणीचे साधन ठरते, ते असे.

कमतरता सिद्ध झाली आणि उपचार सुरू झाला, तर अपेक्षा मात्र बेताची ठेवा. २५ ते ५० वर्षांच्या, कर्करोगातून बरे झालेल्या व टेस्टोस्टेरॉन किंचित कमी असलेल्या १३६ पुरुषांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत त्यांची चरबी घटली, चरबीविरहित वजन दीडेक किलोने वाढले. पण ‘मला आता कामे अधिक सहज जमतात’ असे काही ते औषध न मिळालेल्यांपेक्षा जास्त म्हणाले नाहीत. उपचार चालू असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवतात. उपचार आणि सायकल यांत हाच फरक आहे : एकात कोणीतरी आकडे बघत असते.

आठवड्यातून दोनदा वजनांचा आणि तीनदा अर्ध्या तासाचा, किंचित दम लागेल असा व्यायाम कर्करोगानंतरच्या थकव्यावर उपयोगी पडतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. तुम्ही जिममध्ये जाताच आहात. प्रशिक्षकांकडून तेवढेच घ्या. प्रथिने दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम हा पल्ला बहुतेकांना पुरतो, मात्र मूत्रपिंडांचा अहवाल आधी पाहून घ्या. ‘सार्म’ नावाने विकले जाणारे, स्टेरॉइडला पर्याय म्हणून सांगितले जाणारे पदार्थही नकोत. इंटरनेटवरून घेतलेल्या अशा ४४ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये झाली, तेव्हा जेमतेम निम्म्यांतच ते द्रव्य होते. काहींत भलतेच औषध होते.

आणि हे उत्तर वाचेपर्यंत पहिले इंजेक्शन घेऊन झाले असेल, तर ते लपवू नका. कर्करोगतज्ज्ञांना औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख कागदावर लिहून द्या. एका पोटरीला सूज, अचानक धाप, छातीत दुखणे किंवा डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझे वय ४७. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर मी आता टॅमॉक्सिफेन घेते. अशक्तपणासाठी मला ऑक्सॅन्ड्रोलोन सुचवले गेले, कारण ते ‘इस्ट्रोजनमध्ये बदलत नाही’. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. ते इस्ट्रोजनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात, बदलत नाही हे खरे, आणि एके काळी पुरुष-संप्रेरके स्तनाच्या कर्करोगावर उपचार म्हणूनही वापरली गेली. पण ते दुसरे चांगले उपाय नसतानाचे दिवस होते. आज तुमचा आजार ज्या औषधाने आवरलेला आहे, त्या टॅमॉक्सिफेनने आधीच गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, आणि त्यात यकृताला जाचणारी गोळी मिसळण्याचे समर्थन होत नाही. आवाज घोगरा झाला तर तो गोळी थांबवल्यावरही बहुधा तसाच राहतो, हे सुचवणाऱ्यांनी सांगितले होते का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये ऑक्सॅन्ड्रोलोनची मान्यता काढून घेतली. अशक्तपणासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि झोप यांची चौकशी आधी करून घ्या.

प्रश्न : वडिलांचे प्रोस्टेट चार वर्षांपूर्वी कर्करोगामुळे काढले. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा, शून्याजवळ आहे. त्यांना टेस्टोस्टेरॉन चालेल का?

उत्तर : प्रोस्टेटचा कर्करोग पुरुष-संप्रेरकावर अवलंबून असतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले, म्हणून येथे सावधगिरी सर्वाधिक. कमी जोखमीचा आजार, शस्त्रक्रियेनंतर पीएसए सतत न सापडण्याइतका कमी आणि कमतरता सिद्ध झालेली, अशा निवडक पुरुषांना काही मूत्ररोगतज्ज्ञ वारंवार पीएसए तपासत टेस्टोस्टेरॉन देतात. तो निर्णय त्यांचाच. स्नायूंसाठीच्या ॲनाबॉलिक औषधांचा विचार मात्र येथे करूच नये.

प्रश्न : आईला केमोच्या वेळी डेक्सामेथासोन देतात. तेही स्टेरॉइडच ना? मग बंद करावे का?

उत्तर : नावापुरतेच साम्य आहे. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही सूज व उलटी आवरणारी वेगळ्या घराण्याची औषधे आहेत. ती स्नायू वाढवत नाहीत, उलट दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे स्नायू झिजवतात. खुर्चीतून उठताना आईंना हातांचा आधार घ्यावा लागू लागला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. मनाने मात्र थांबवू नका; बरेच दिवस चालू असलेली मात्रा एकदम तोडल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. ती हळूहळू कशी कमी करायची, हे लिहून घेऊनच घरी या.