बंडूला दुसरे घर शोधावे का?

प्रश्न : आमच्याकडे बंडू नावाचा सहा वर्षांचा, चौतीस किलो वजनाचा लॅब्राडोर आहे. तीन महिन्यांपूर्वी माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू अधू झाली असून बोलणेही अजून स्पष्ट होत नाही. वॉकर धरून ते घरातल्या घरात चालतात. बंडू आनंदाने त्यांच्या अंगावर झेपावतो, आणि मागच्या आठवड्यात ते त्यामुळे पडता पडता वाचले. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. त्याला फिरायला नेले की तो मला ओढत नेतो. मुलगा पुण्यात भाड्याच्या घरात राहतो, तिथे घरमालकाला कुत्रा चालत नाही. निफाडला दिरांची द्राक्षबाग आहे, ते म्हणतात, “इकडे आणून सोडा, मोकळा राहील.” एका शेजाऱ्यांनी तर गंगापूर धरणाच्या बाजूला सोडून येण्याचा सल्ला दिला. संध्याकाळी यजमान डावा हात बंडूच्या डोक्यावर ठेवून बसतात, ते पाहिले की माझा निश्चय डळमळतो. मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आजारी माणसाची सेवा करताना ज्या कुत्र्याकडे लक्ष देणे अशक्य झाले आहे, त्याच्यासाठी चांगले घर शोधणे ही त्याच्याशी केलेली प्रतारणा नव्हे. हा सल आपण मनातून काढून टाकावा, कारण तो राहिला तर माणूस एक तर निर्णय लांबवत राहतो, नाही तर अगदी असह्य झाल्यावर समोर येईल त्याच्या हाती पट्टा देऊन मोकळा होतो.

तरीही कायमचा निर्णय आज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धांगवायूनंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि साधारण सहा महिन्यांनंतर तिचा वेग मंदावतो. म्हणजे आपले घर अजून स्थिरावलेले नाही. आजची अडचण पाडव्यापर्यंत याच रूपात राहील, असे सांगता येत नाही. तोवर बंडूची तात्पुरती सोय करावी, किंवा घरातच काही बदल करून पाहावेत. पत्रावरून मला दोनच खऱ्या अडचणी दिसतात : त्याचे झेपावणे आणि त्याचे ओढणे. पहिलीसाठी खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसे कमरेएवढे फाटक लावावे, यजमान चालत असतील तेवढा वेळ बंडूला पलीकडे ठेवावे, आणि तो खाली बसल्याशिवाय त्याला कोणीही जवळ घेऊ नये किंवा त्याच्याशी बोलू नये. घरातल्या सर्वांनी हे नेमाने पाळले, तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. ओढण्यासाठी गळपट्ट्याऐवजी छातीच्या पुढच्या बाजूला दोरी अडकवता येते असा हार्नेस घ्यावा आणि सकाळचे फिरवणे कॉलनीतल्या एखाद्या धडधाकट, विश्वासू तरुणाला पैसे देऊन सोपवावे. लॅब्राडोरचे अर्धे दांडगेपण न जिरलेल्या शक्तीतून आलेले असते.

आणखी एक गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही : आपण यजमानांना विचारले आहे का? बोलणे अडखळते म्हणून त्यांना मत उरले नाही, असे नसते. आजारपणात ज्याच्याकडे न बोलताही व्यक्त होता येते, असा घरातला सोबती कदाचित बंडूच असेल. “हो” आणि “नाही” त्यांना खुणेने सांगता येत असेल, तर त्यांच्या संमतीशिवाय कुत्रा घराबाहेर जाऊ देऊ नये.

आता निफाडविषयी. “शेतावर मोकळा राहील” हे वाक्य मी प्राण्यांच्या दवाखान्यात इतक्यांदा ऐकले आहे, की त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. दिरांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु फ्लॅटमध्ये वाढलेल्या, माणसांत झोपणाऱ्या कुत्र्याला मळा म्हणजे स्वातंत्र्य वाटत नाही. गोदाकाठच्या उसात बिबट्यांचा वावर आहे, ऊसतोडीच्या दिवसांत ते वस्तीजवळ येतात, आणि रात्री अंगणात बांधलेला कुत्रा ही त्यांची सर्वांत सोपी शिकार असते. मळ्यातले कुत्रे निदान वास ओळखून सावध तरी होतात. बंडूला ती जाण नाही. शिवाय ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत सतत फवारण्या चालतात, आणि मुख्य म्हणजे द्राक्षे व बेदाणे कुत्र्याला विषारी असतात. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पडलेले मणी दिसले की खाल्ल्याशिवाय न राहणाऱ्या लॅब्राडोरसाठी द्राक्षबागेइतकी अयोग्य जागा मला सुचत नाही. दीर आणि जाऊबाई त्याला रात्री घरात घेणार असतील, त्याच्यावर कोणाचे तरी लक्ष राहणार असेल आणि गोचिडांसाठी नियमित औषध लावणार असतील, तरच तो पर्याय विचारात घ्यावा. धरणाजवळ सोडण्याचा तर विचारही नको. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे हे खरे. परंतु अनोळखी हद्दीत शिरलेल्या पाळीव कुत्र्याला तिथली टोळी फाडून काढते, आणि ते आपल्याला जन्मभर छळत राहील.

इतके करूनही पाडव्यानंतर जमत नाही असे ठरले, तर घर आपण स्वतः निवडावे. सहा वर्षे हे लॅब्राडोरसाठी मध्यम वय आहे. त्याच्यापुढे अजून चार ते सहा वर्षांचे आयुष्य आहे, आणि पुढे गुडघे, खुबे धरणार आहेत, हे घेणाऱ्याला आधीच सांगावे. ऐकून जे मागे हटतील, त्यांना जाऊ द्यावे. “मोफत देणे आहे” अशी जाहिरात करू नये. चांगल्या नराला पैदाशीसाठी मागणी असते, आणि नोंदणी न करता पिल्लांचा धंदा करणारे लोक अशाच जाहिराती हेरतात. म्हणून नसबंदी झाली नसेल, तर ती करूनच द्यावे. बंडूचे पशुवैद्य, त्यांच्याकडे येणारी कुटुंबे आणि ज्यांचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला आहे असे परिचित, यांच्यापासून शोध सुरू करावा. घर प्रत्यक्ष पाहावे, दिवसा घरी कोण असते ते विचारावे, महिनाभर राहू द्यावे आणि जमले नाही तर तो आपल्याकडेच परत येईल, असे लेखी ठरवावे. प्राण्यांच्या निवाऱ्यात गर्दी आणि संसर्ग दोन्ही असतात. तो शेवटचा मार्ग समजावा.

देताना रेबीजच्या लसीच्या नोंदीची पुस्तिका, महापालिकेचा परवाना असल्यास तो, पंधरा दिवस पुरेल एवढे नेहमीचे खाणे आणि त्याची न धुतलेली गोधडी सोबत द्यावी. पहिले काही दिवस तो दाराशी बसेल, कमी खाईल. दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला सांगावे. पहिले तीन आठवडे आपण भेटायला जाऊ नये, फोनवर विचारपूस करावी. नंतर जरूर जावे, आणि यजमानांनाही सोबत न्यावे.