तारीख पत्राची की पोस्टाच्या पावतीची?

प्रश्न : सिन्नरजवळ ९ जुलैला मालवाहू टेम्पोने उडवल्याने माझे पती गेले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आम्ही भरपाईचा दावा लावला आहे. आता विमा कंपनी म्हणते, टेम्पोमालकाचा हप्त्याचा चेक वटला नाही म्हणून पॉलिसी ५ जुलैलाच रद्द केली. आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं. मालकाकडे कर्जावरच्या त्या टेम्पोशिवाय काही नाही. कंपनीने दिलेल्या कागदांच्या झेरॉक्स सोबत पाठवते.

उत्तर : ताई, नावडती गोष्ट आधी सांगून टाकतो. पॉलिसी रद्द झाल्याची नोटीस तुम्हाला मिळायला हवी होती, असं कायदा म्हणत नाही. टेम्पो उद्या कुणाला धडकणार हे आदल्या दिवशी कुणाला ठाऊक असतं? त्यामुळे ‘आम्हाला कळवलं नाही’ हा मुद्दा सोडून द्या. कंपनीने मालकाला कळवलं का, आणि कधी, यावर तुमचा दावा उभा आहे.

कंपनीचे वकील विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी वाचून दाखवतील : हप्ता आल्याशिवाय जोखीम नाही. मालकाने स्वतःच्या टेम्पोच्या दुरुस्तीचे पैसे मागितले असते, तर त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. रस्त्यावरच्या माणसाचं तसं नाही. चेक वटायची वाट न बघता कंपनीने पॉलिसी हातात दिली आणि त्या कागदावर टेम्पो रस्त्यावर आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ आणि १५० खाली त्रयस्थाची भरपाई कंपनीवर येते ती यामुळेच. (१ एप्रिल २०२२ पूर्वी कलम १५० चा विषय १४९ मध्ये होता; जुने निकाल वाचताना गोंधळू नका.)

सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०१२ च्या लक्ष्मम्मा निकालात हे स्पष्ट केलं आहे. चेक न वटल्यामुळे पॉलिसी अपघाताआधी रद्द झाली असेल आणि ती खबर अपघाताआधी मालकापर्यंत पोहोचली असेल, तरच कंपनी सुटते. त्या प्रकरणात अपघात ११ मे २००४ चा आणि पॉलिसी रद्द केली १३ मेला. कंपनीला पैसे भरावे लागले.

आता तुमच्या झेरॉक्स. रद्द केल्याच्या पत्रावर तारीख ५ जुलै. ती कंपनीने आपल्याच संगणकावर टाकलेली, तिला मी फार किंमत देत नाही. खाली स्पीड पोस्टची पावती जोडली आहे, फिकट आहे, पण भिंग लावून पाहिलं तर ‘११ जुलै’ वाचता येतं. म्हणजे तुमच्या घरी दहावासुद्धा झाला नव्हता तेव्हा, अपघातानंतर दोन दिवसांनी, हे पत्र पोस्टात पडलं. आरटीओला लिहिलेल्या पत्राची प्रतही आहे, पण तिच्यावर आवकचा शिक्का नाही. शिक्क्याशिवायचं पत्र म्हणजे फाइलमधला कागद, इतकंच.

एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. हे पत्र आधी हाताने किंवा ईमेलने दिलं होतं, असा पवित्रा कंपनी घेईल. घेऊ दे. लेखी कैफियतीत लिहिलं म्हणून ते सिद्ध होत नाही. शाबितीचा भार कंपनीवर आहे. तुमच्या वकिलांनी पुढच्याच तारखेला अर्ज द्यावा : मूळ पत्र, मूळ पावती, पोचपावती आणि कंपनीचं जावक रजिस्टर हजर करा. उलटतपासणीत अधिकाऱ्याला त्या रजिस्टरचं ५ ते ११ जुलैचं पान उघडायला लावा. आरटीओच्या आवक विभागातून माहिती अधिकारात नोंद मागवा. पॉलिसीवरचा मालकाचा पत्ता आणि पाकिटावरचा पत्ता एकच आहे का, तेही ताडून पाहा. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र पोहोचलं असं धरता येत नाही. टेम्पोमालकालाही साक्षीला बोलवा. तो नेमकं काय बोलेल याचा भरवसा नाही, पण पत्र वेळेत मिळालं असं म्हणणं त्याच्या स्वतःच्याच गळ्याशी येईल, कारण मग सगळी भरपाई त्याच्यावर.

समजा, खबर अपघाताआधी पोहोचली असं ठरलंच. तरीही दावा संपत नाही. २००७ च्या देद्दप्पा निकालात पॉलिसी रीतसर रद्द झाली होती, मालकाला आणि आरटीओला वेळेत कळवलंही होतं. कंपनी जबाबदार नाही असं मान्य करूनही सर्वोच्च न्यायालयाने तिला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं. तो आदेश राज्यघटनेच्या कलम १४२ खालच्या खास अधिकारातला होता, न्यायाधिकरणाला तो अधिकार नाही. तरी ‘आधी भरा, मग वसूल करा’ ही पर्यायी मागणी आत्ताच लेखी घाला, वर अपिलात उपयोगी पडते.

कंपनीकडून कुणी तडजोडीचा कागद घेऊन घरी आला, तर वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि मूळ पावतीचा अर्ज लांबवू नका. पोस्टाची पावती बऱ्याचदा उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत कागदावर असते, तिच्यावरची अक्षरं हळूहळू उडतात, आणि तुमची ‘११’ आत्ताच जेमतेम दिसते आहे.