सी-टू प्रोफिशिअन्सीला बसतोयस? मग हे ऐक

अरे, एमए इंग्लिशला फर्स्ट क्लास आहे म्हणून केंब्रिजची सी-टू प्रोफिशिअन्सी, म्हणजे त्यांची इंग्रजीची सगळ्यात वरच्या पातळीची परीक्षा, सहज निघेल असं धरून चालू नकोस. मी तसंच धरलं होतं. शेक्सपिअरवर दहा पानं खरडता यायची, पण पहिल्या सराव पेपरात माझी दांडी उडाली ती चिमुकल्या प्रीपोझिशन्सनी.

‘रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश’ या पेपरला ९० मिनिटं आणि ५३ प्रश्न असतात. त्यात वाक्य बदलायचा भाग खरा छळतो. दिलेला शब्द जसाच्या तसा ठेवून ३ ते ८ शब्दांत तोच अर्थ आणायचा. ‘डोन्ट’ लिहिलंस तर ते दोन शब्द धरतात, हे मला फार उशिरा कळलं. दिलेल्या शब्दापासून नवा शब्द घडवायच्या भागात ‘डिसाइड’ दिसला की हात आपोआप ‘डिसिजन’ लिहितो. आधी अख्खं वाक्य वाच. वाक्यात कुणाचा निर्णयच होत नसेल तर तिथे ‘इनडिसिजन’ हवं असतं. म्हणून वहीत सुटा शब्द टिपू नकोस, त्याचं सगळं कुटुंब लिही.

लेखनाच्या पहिल्या प्रश्नात दोन उतारे देतात. त्यांचा सारांश आणि त्यावर तुझं मत, २४० ते २८० शब्दांत. उताऱ्यातली वाक्यं उचलायची आपली गाइडवाली सवय इथे महागात पडते.

ऐकण्याची फार चिंता नको, प्रत्येक ध्वनिफीत दोनदा वाजते. बोलण्याची परीक्षा मात्र जोडीने असते, तेव्हा सरावाला आत्ताच कुणीतरी गाठ. मी आरशासमोर बोलायचो, आणि आरसा मध्येच आपलं बोलणं तोडत नाही ना!