ऐकता-वाजवता : गाणं विक्षिप्त की मशीन आजारी?

प्रश्न : अमेरिकेहून मेहुण्यांनी जुना बेल्टचा टर्नटेबल आणि 'रोटरी कनेक्शन' या बँडची पहिली एलपी आणली. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून वाजवतो. बायकांचे आवाज घोगरे येतात, सगळं रेंगाळतं, आणि मध्येच गाणं सोडून विचित्र आवाज सुरू होतात. साठच्या दशकातलं सायकेडेलिक सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन सोल गाण्यांत भन्नाट प्रयोगांची भर) असंच असतं का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : विचित्र आवाज तबकडीतलेच आहेत, रेंगाळणं मात्र मशीनचं. शिकागोत रेकॉर्ड-निर्माते मार्शल चेस यांनी हा बँड जमवला, संगीत-संयोजन चार्ल्स स्टेपनींचं. गाण्यांच्या मध्ये इलेक्ट्रॉनिक आवाजांचे छोटे तुकडे मुद्दाम पेरलेत. 'पिंक नॉइज', 'ब्लॅक नॉइज' अशी त्यांची नावंच आहेत. ओरखडा असेल तर दर फेऱ्याला एकदा 'टक्' होईल : बरोबर वेगात दर १.८ सेकंदांनी, तुमच्या रेंगाळत्या मशीनवर साधारण २.२ सेकंदांनी. तसं होत नसेल तर सुईला दोष देऊ नका.

आता वेग. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी (वीज सेकंदाला किती आवर्तनं करते ते) बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवरच ठरतो. त्यामुळे ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे होतात आणि सूर तीन अर्धस्वरांहून (हार्मोनियमच्या लागून असलेल्या तीन पट्ट्यांहून) जास्त उतरतो. या बँडमधल्या मिनी रिपर्टनसारख्या उंच पट्टीच्या गायिकेची तर पार वाट लागते. खात्री करायची तर थाळीच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावून ३ मिनिटं फेरे मोजा : १०० हवेत, ८३ च्या आसपास भरले तर निदान पक्कं.

उपाय : त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची, बेल्ट फिरवणारी चकती) मिळवा (व्यास सध्याच्या १.२ पट), किंवा ६० हर्ट्झ देणारा मोटर-सप्लाय घ्या. बटण ४५ वर ठेवून भागवू नका, ३७.५ फेरे होतील आणि गाणं पळेल. अडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला ही भानगडच नसते. लोडशेडिंगमध्ये चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर एसी मोटर चालवलीत तर गुणगुण वाढेल. साइनवेव्ह (गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर असला तरच लावा.

प्रश्न : त्याच काळातल्या एका एलपीत हेडफोनवर गायक फक्त डाव्या कानात येतो. वायर तुटली असेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : उजव्या कानात वाद्यं येत असतील तर वायर ठीक आहे. त्या काळी स्टीरिओत आवाज एकीकडे, वाद्यं दुसरीकडे असं सर्रास टाकत. अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा, नाहीतर सरळ स्पीकरवर ऐका. उजवा कान पूर्ण मुका असेल तर कार्ट्रिजमागच्या (सुई बसवलेल्या डबीमागच्या) लाल आणि हिरव्या तारा तपासा. पांढरी-निळी जोडी डाव्या बाजूची. चिमटा वापरा, पण आधी मशीन बंद करा आणि सुईवर टोपी चढवा.

आणि दोघांनाही : मे महिन्यात तबकड्या पत्र्याच्या खोलीत नकोत. उभ्याच ठेवा, एकावर एक रचलेल्या या उन्हात हमखास वाकतात. धुवायला बोअरचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. डिस्टिल्ड पाणीच घ्या.